लातूरहून एक दिवस : औसा किल्ला आणि खरोसा लेणी

हिवाळा सुरू झाला की शाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. मुख्याध्यापकांच्या खोलीत नकाशा उघडला जातो, एस. टी. आगाराकडे चौकशी होते आणि बहुतेक वेळा बोट जाऊन थांबते ते वेरूळ-अजिंठ्यावर. या जगप्रसिद्ध स्थळांचे दर्शन प्रत्येक विद्यार्थ्यास एकदा तरी घडावे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो एका दिवसाचा. लातूरपासून वेरूळ जवळपास तीनशे किलोमीटर. जाण्यास सहा-सात तास आणि परतण्यास तेवढेच. म्हणजे चोवीस तासांपैकी निम्म्याहून अधिक वेळ गाडीत जातो आणि ज्या शिल्पासाठी एवढा खटाटोप केला, त्याच्या वाट्याला दीड-दोन तास येतात.

प्रस्तुत लेखकाने शिक्षक म्हणून अशी एक सहल नेली होती. पहाटे दोन वाजता निघालेली गाडी दुपार टळताना वेरूळला पोहोचली. मुले पेंगुळलेली, काहींना प्रवासात उलट्या झालेल्या. कैलास लेणे पाहण्यास जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली. परतीच्या वाटेवर सातवीतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, आपल्याकडं असलं काहीच नाही का हो?” त्या वेळी प्रस्तुत लेखकाला उत्तर देता आले नाही. उत्तर नव्हते असे नाही. ते ठाऊक नव्हते. पुढे वाचनात आले की, ज्या राष्ट्रकूट घराण्यातील कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास लेणे कोरले गेले, त्या घराण्याचे राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे अधिपती म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे अभ्यासक सामान्यतः मानतात. जे पाहावयास आम्ही तीनशे किलोमीटर गेलो, त्याच्या कर्त्या घराण्याने आपले मूळ गाव म्हणून आमच्याच गावाचे नाव मिरविले होते.

तेव्हा एका दिवसाच्या सहलीसाठी जवळचेच स्थळ का निवडावे आणि ती सहल अभ्यासाची कशी करावी, याचा एक नमुना येथे मांडला आहे. शिक्षकांनी तो आपापल्या सोयीने बदलून घ्यावा. ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षणखात्यातील अधिकारी यांचाही या कामी मोठा वाटा आहे; त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात येईल.

स्थळांची निवड

एका दिवसाच्या सहलीचा एक साधा नियम सांगता येईल : प्रवासात जाणारा वेळ हा स्थळावर घालविलेल्या वेळेपेक्षा कमी असला पाहिजे. या नियमात बसणारी जोडी म्हणजे औसा किल्ला आणि खरोसा लेणी. औसा लातूरच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर आहे, तर खरोसा औसा तालुक्यातच, लातूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर. एकूण प्रवास शंभर किलोमीटरच्या आसपास होतो. गाडीत अडीच-तीन तास गेले, तरी स्थळांवर साडेपाच-सहा तास मिळतात.

दुसरे कारण असे की, ही दोन स्थळे एकमेकांना पूरक आहेत. किल्ला बांधलेला, लेणी कोरलेली. किल्ला मध्ययुगातील, लेणी त्यापूर्वी सुमारे नऊशे वर्षांची. एकात युद्धशास्त्र व पाण्याची व्यवस्था दिसते, दुसऱ्यात श्रद्धा व शिल्पकला. एकाच दिवसात इतिहास, भूगोल, विज्ञान, गणित व चित्रकला या पाचही विषयांचे तास होऊ शकतील, अशी ही जोडी आहे.

सहलीपूर्वीचे तीन तास

पूर्वतयारी न करता नेलेली मुले भिंती पाहून येतात. म्हणून सहलीच्या आधीच्या आठवड्यात तीन तास राखून ठेवणे अगत्याचे आहे.

पहिला तास नकाशाचा. जिल्ह्याच्या नकाशावर लातूर, औसा, निलंगा, उदगीर ही ठिकाणे मुलांनी स्वतः शोधावीत. लातूर जिल्हा १५ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून वेगळा झाला, हेही या निमित्ताने सांगावे. म्हणजे जुन्या पुस्तकांत औशाची माहिती उस्मानाबाद जिल्ह्याखाली का सापडते, याचा उलगडा होतो.

दुसरा तास शब्दांचा. भुईकोट म्हणजे सपाट जमिनीवरील किल्ला. त्याला डोंगराचे संरक्षण नसते, म्हणून भोवती खंदक खोदावा लागतो. खंदकाच्या आत तट, तटाला ठिकठिकाणी बुरूज. तटावर पहारेकऱ्यांनी फिरावयाची वाट ती फांजी. तटाच्या माथ्यावरील पाकळ्यांसारखे दगड त्या चर्या. त्यांच्या आडून मारा करता येतो. तटातील तिरकी छिद्रे त्या जंग्या. आतल्याला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांच्या बैठकीची जागा ती देवडी. हे सात-आठ शब्द फळ्यावर आकृती काढून शिकविले, तर किल्ल्यात मुले ते आपणहून ओळखतात आणि त्यांचा आनंद पाहण्यासारखा असतो.

तिसरा तास इतिहासाचा. औशाचा किल्ला बहामनी काळातील असून त्याच्या बांधणीचे श्रेय परंपरेने बहामनी राज्याचा कर्तबगार वजीर महमूद गावान याला दिले जाते. या वजिराचा १४८१ मध्ये वध झाला. पुढे निजामशाहीच्या व आदिलशाहीच्या झगड्यात हा टापू सापडला. १६३६ मध्ये शाहजहानच्या सैन्याने उदगीर व औसा हे दोन्ही किल्ले जिंकले. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, ती उदगीरची लढाई याच परिसरातील. त्या विजयाने सुमारे साठ लाखांचा मुलूख मराठ्यांकडे आला, आणि त्यानंतर वर्षही पुरते होण्यापूर्वी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर तोच सेनापती धारातीर्थी पडला. पाठ्यपुस्तकातील पानिपत आणि आपल्या तालुक्याचे गाव यांत एवढे जवळचे नाते आहे, हे कळताच मुलांचा इतिहासाकडे पाहण्याचा दृष्टिकोन पालटतो.

दिवसाचे वेळापत्रक

सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात काढावी. किल्ला उघड्यावर आहे, लेण्यांत सावली आहे. म्हणून किल्ला सकाळी आणि लेणी दुपारी हा क्रम ठेवणे इष्ट. उलट क्रम ठेवल्यास भर उन्हात तटावर फिरण्याची वेळ येते.

सकाळी ७.०० – लातूरहून प्रस्थान. गाडीत बसण्यापूर्वी हजेरी.
७.४५ – औसा. न्याहारी व पाणी.
८.१५ ते ११.१५ – किल्ल्याची पाहणी, गटवार कामे.
११.३० ते १२.३० – खरोशाकडे प्रवास.
१२.३० ते १.१५ – भोजन व विश्रांती.
१.१५ ते ४.०० – लेण्यांची पाहणी, रेखाटन, नोंदी.
४.०० – स्थळाची स्वच्छता, हजेरी, परतीचा प्रवास.
सायंकाळी ५.३० – लातूर.

डिसेंबरमध्ये आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडण्यापूर्वी प्रत्येक मूल घरी पोहोचेल, अशा बेताने हे वेळापत्रक आखले आहे. वाटेत उशीर झाला, तर पाहणीतील एखादा भाग गाळावा. परतीची वेळ पुढे ढकलू नये.

औसा किल्ल्यात काय पाहावे

किल्ल्याकडे जाताना प्रथम एक प्रयोग करावा. गाडी थोडी दूर थांबवून मुलांना विचारावे, “किल्ला कोठे आहे ते दाखवा.” बहुतेकांना दाखविता येणार नाही. औशाचा किल्ला सखल भागात बांधलेला असून सभोवतीची जमीन उंच आहे. त्यामुळे दुरून येणाऱ्यास त्याचा मोठा भाग दिसत नाही. मात्र किल्ल्यातील उंच बुरुजावरून चहूकडचा प्रदेश दृष्टीच्या टप्प्यात येतो. शत्रू दिसावा पण आपण दिसू नये, हे तत्त्व डोंगरी किल्ल्यांच्या नेमके उलट मार्गाने येथे साधले आहे. हा धडा पुस्तकातून समजण्यास अर्धा तास लागेल; तेथे उभे राहून तो एका मिनिटात समजतो.

त्यानंतर खंदक. जुन्या नोंदींत त्याची रुंदी सुमारे १२० फूट, म्हणजे साडेछत्तीस मीटरच्या आसपास दिली आहे. मुलांनी ती सुरक्षित जागेवरून, म्हणजे दरवाजाकडे जाणाऱ्या वाटेवर, पावलांनी मोजावी. बारा वर्षांच्या मुलाचे पाऊल सुमारे ६० सेंटिमीटरचे धरल्यास साठाच्या वर पावले भरली पाहिजेत. कमी-अधिक भरल्यास का, याची चर्चा करावी. पाऊल लहान पडले का, वाट तिरपी आहे का, की काठ ढासळून खंदकाचे मूळ रूप बदलले? मोजमापातील चूक शोधणे हेही शिक्षणच होय.

दरवाजांची रचना, दुहेरी तट, बुरुजांवरील तोफा हे सर्व पाहावेच. परंतु या किल्ल्यातील सर्वांत बोलकी वास्तू म्हणजे जलमहाल. हे एक भूमिगत दालन असून जुन्या नोंदींप्रमाणे त्याची लांबी ७६ फूट व रुंदी ५० फूट आहे, आणि त्याचे छत हेच वरच्या मोठ्या टाक्याचा तळ आहे. वर पाणी, खाली दालन. उन्हाळ्यात तेथे किती गारवा राहत असेल, याची कल्पना करता येते. आत जाण्यास मनाई असल्यास वरूनच ही रचना समजावून द्यावी.

येथेच गणिताचा तास घ्यावा. ७६ गुणिले ५० म्हणजे ३,८०० चौरस फूट. एवढ्या क्षेत्रावर केवळ एक फूट पाणी उभे राहिले, असे समजा. ते होते ३,८०० घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. म्हणजे सुमारे १ लाख ७ हजार लिटर. आता मुलांना आठवण द्यावी, किंवा ज्यांना आठवत नसेल त्यांना सांगावी, ती एप्रिल २०१६ ची. मांजरा धरण आटले होते, लातूरकरांना घागरभर पाण्यासाठी रांगा लावाव्या लागत होत्या आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणींतून आलेले ते पाणी सुमारे पाच लाख लिटर होते. म्हणजे त्या एका छतावरचे फूटभर पाणी त्या गाडीच्या पाचव्या हिश्श्याइतके भरते. हा किल्ला बांधणाऱ्यांकडे रेल्वे नव्हती, पंप नव्हते. पाऊस जो पडेल तो अडविणे आणि साठविणे, एवढाच मार्ग त्यांच्यापुढे होता. वेढा पडला की पाणी संपले तर किल्ला गेला, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

यावरून पूर्वीचे सर्व काही श्रेष्ठ होते, असा निष्कर्ष मुलांनी काढू नये. किल्ल्यातील पाणी शिबंदीसाठी होते, आजच्या शहराची लोकसंख्या व गरज वेगळी आहे. परंतु कमी पावसाच्या प्रदेशात छतावर आणि जमिनीवर पडणारा थेंब मोजून वापरावा, ही शिकवण आजही लागू आहे. परतल्यावर प्रत्येक गटाने आपल्या शाळेच्या छताचे क्षेत्रफळ मोजावे आणि एक फुटाऐवजी एक इंच पाऊस पडल्यास किती लिटर पाणी मिळेल, याचा हिशेब करावा. औशाचा धडा शाळेत येतो तो असा.

खरोशाची लेणी

खरोसा गावाजवळच्या टेकडीत बारा लेणी आहेत. ती साधारणपणे सहाव्या शतकातील मानली जातात. शिव-पार्वती, महिषासुरमर्दिनी, नृसिंह, कार्तिकेय, रावण अशी शिल्पे येथे पाहावयास मिळतात. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेस या पुरातत्त्वज्ञाने या भागाची पाहणी करून १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात या लेण्यांचे वर्णन केले. म्हणजे अभ्यासकांना ही लेणी जवळपास दीडशे वर्षांपासून परिचित आहेत. आपल्या शाळांना मात्र ती अद्याप पुरेशी परिचित झालेली नाहीत.

येथे मुलांना प्रथम दगडास हात न लावता तो नीट पाहावयास सांगावे. वेरूळ-अजिंठ्याचा दगड काळा, घट्ट असा बेसॉल्ट आहे. खरोशाचा दगड तांबूस, सच्छिद्र असा जांभा आहे. जांभा ताजा कापताना मऊ असतो आणि उघड्यावर आल्यावर हळूहळू कठीण होतो. म्हणून तो कोरण्यास सोपा; परंतु त्यात बारीक नक्षी टिकत नाही. अंगावरील अलंकार, बोटांची ठेवण, चेहऱ्यावरचा भाव असे सूक्ष्म काम त्याच्या खरबरीत पोतात हरवते. शिवाय तो पाणी शोषतो, पापुद्रे सुटतात, कडा झिजतात. खरोशाची शिल्पे वेरूळसारखी ठसठशीत का दिसत नाहीत, याचे एक मोठे कारण दगडात आहे, हे समजले म्हणजे मूल “ही मोडकी मूर्ती” असे म्हणत नाही. चौदाशे वर्षे पाऊस-पाणी सोसून जे उरले, त्याकडे ते आदराने पाहू लागते.

याच ठिकाणी रेखाटनाचा कार्यक्रम ठेवावा. प्रत्येक मुलाने एकच शिल्प निवडून त्यासमोर वीस मिनिटे बसावे. चित्र चांगले येणे हा हेतू नाही. छायाचित्र क्षणात निघते आणि विसरले जाते. वीस मिनिटे पाहिलेले शिल्प मनात राहते. देवतेच्या हातांची संख्या, आयुधे, वाहन, उभे राहण्याची ढब यांची नोंद चित्राखाली करावी. त्यावरून मूर्ती कोणाची, हे मुलांनीच ठरवावे. शिक्षकांनी घाईने सांगू नये.

दुसरी एक नोंद अवघड आहे, पण करून घेण्यासारखी आहे. लेण्यांच्या वा किल्ल्याच्या भिंतींवर कोणी नावे कोरली वा रंगविली असतील, तर ती मुलांनी मोजावीत. मग विचारावे, “ही नावे लिहिणाऱ्यांपैकी कोणाला तुम्ही ओळखता का?” मुले नाही म्हणतील. “आणि हे शिल्प कोरणाऱ्याचे नाव कोठे दिसते का?” तेही दिसणार नाही. ज्याने घडविले त्याने नाव लिहिले नाही आणि ज्याने बिघडविले त्याने ते ठळक लिहिले. यापुढे वेगळ्या उपदेशाची गरज राहत नाही.

कायद्याची माहितीही द्यावी. प्राचीन स्मारकांचे संरक्षण केंद्राच्या १९५८ च्या अथवा राज्याच्या १९६० च्या अधिनियमान्वये होते. आपण पाहत असलेले स्मारक कोणाच्या संरक्षणाखाली आहे, हे प्रवेशद्वाराजवळील फलक वाचून मुलांनीच शोधावे. केंद्र संरक्षित स्मारकास हानी पोहोचविल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या तालुक्यातून जाताना किल्लारीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, याच औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद हे त्या प्राणहानीचे प्रमुख कारण ठरले. जुनी भिंत, जुनी तुळई, निखळलेला दगड यांपासून दूर राहण्याची सूचना या भागातील मुलांना केवळ शिस्त म्हणून देऊ नये. कारणासह द्यावी, त्यांच्या आजी-आजोबांनी ते सोसले आहे.

सुरक्षितता

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात सहलीस आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. ती दुर्घटना समुद्राची असली, तरी खंदक, बारव, टाके ही देखील पाण्याचीच ठिकाणे आहेत, हे विसरता कामा नये. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

दहा मुलांमागे एक शिक्षक असावा. चाळीस विद्यार्थी असल्यास चार शिक्षक, आणि त्यांत किमान एक शिक्षिका. प्रत्येक गटाची यादी त्या शिक्षकाच्या खिशात असावी. गाडी सुटताना प्रत्येक वेळी नाव घेऊन हजेरी घ्यावी. केवळ डोकी मोजू नयेत.

सहलीपूर्वी एका शिक्षकाने दोन्ही स्थळे प्रत्यक्ष पाहून यावीत. धोक्याची ठिकाणे, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, जवळचे आरोग्य केंद्र यांची नोंद करावी. जुन्या तटांवर व लेण्यांच्या माथ्यावर आग्या मोहोळ असण्याचा संभव असतो. ते आढळल्यास त्या बाजूस मुलांना नेऊ नये. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळावा.

दरडोई तीन लिटर पाणी धरावे. चाळीस विद्यार्थी व चार शिक्षक यांना १३२ लिटर लागते, म्हणजे वीस लिटरचे सात जार. पाणी तेथे मिळेल या भरवशावर निघू नये. प्रथमोपचार पेटी, पालकांची लेखी संमती, दूरध्वनी क्रमांकांची यादी आणि शिक्षणखात्याची पूर्वपरवानगी या चार गोष्टी नसतील, तर गाडी हलवू नये.

खर्च

एस. टी. महामंडळ शालेय सहलींसाठी सवलतीच्या दराने गाडी देते. आगारातून दराचा लेखी तपशील घ्यावा. गाडीभाडे, न्याहारी, भोजन व किरकोळ खर्च यांच्या बेरजेत दहा टक्के राखीव रक्कम मिळवून तिला विद्यार्थिसंख्येने भागावे. हा हिशेब सहावी-सातवीच्या मुलांकडूनच करवून घ्यावा आणि सहलीनंतर जमाखर्च फलकावर लावावा. रक्कम उरल्यास परत करावी.

एक गोष्ट मात्र हिशेबाच्या पलीकडची आहे. पैशांअभावी एकही मूल मागे राहता कामा नये. दूरच्या महागड्या सहलींत वर्गातील निम्मी मुले जातात आणि निम्मी घरी बसतात. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन तट पडतात. जवळच्या सहलीचा मोठा गुण हा की, तिचा खर्च आवाक्यात असतो. तरीही ज्यांना तो झेपणार नाही, त्यांची सोय शाळा व्यवस्थापन समितीने गाजावाजा न करता करावी.

नांदेडकरांसाठी कंधार

हाच नमुना नांदेड येथील शाळांना कंधारसाठी वापरता येईल. कंधार हे नांदेडपासून लोहामार्गे सुमारे ५० किलोमीटरवर, मन्याड नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. राष्ट्रकूट सम्राट कृष्ण तिसरा (इ. स. ९३९ ते ९६७) याच्याशी या नगराचे नाव जोडले जाते. येथील भुईकोट किल्ला, त्याचा खंदक, ‘जगत्तुंगसमुद्र’ या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रकूटकालीन तलाव आणि एका प्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे अवशेष ही प्रमुख प्रेक्षणीय स्थळे होत. मूर्तीचे केवळ पाऊल पाहून पूर्ण मूर्ती किती उंच असेल, याचा अंदाज प्रमाणाच्या साहाय्याने मुलांनी काढावा. माणसाची उंची त्याच्या पावलाच्या साधारण साडेसहापट असते. प्रत्येक मुलाने आधी स्वतःचे पाऊल व उंची मोजून हे प्रमाण तपासावे आणि मग दगडाच्या पावलास लावावे.

खंदकातील पाण्यामुळे येथे सावधगिरी अधिक हवी. तलाव व किल्ला यांचे नाते मुलांना दाखवावे : राजधानी वसविणाऱ्यांनी पाण्याची सोय आधी पाहिली. लातूरचे विद्यार्थी औशात जे शिकतील, तेच नांदेडचे विद्यार्थी कंधारला शिकतील. आणि दोघांनाही आपले गाव व वेरूळचा कैलास यांना जोडणारा राष्ट्रकूटांचा धागा सापडेल.

ग्रामपंचायतींचे काम

स्मारकाची दुरुस्ती पुरातत्त्व खात्याने करावयाची असते. ग्रामपंचायतीने स्वतः तेथे सिमेंट, चुना वा रंग लावू नये. सद्भावनेने केलेली रंगरंगोटीही जुन्या दगडाचे कायमचे नुकसान करते. परंतु स्मारकाच्या बाहेर करण्यासारखे पुष्कळ आहे : गाडीतळ, पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, कचराकुंडी, मराठीतील दिशादर्शक फलक. गावातील चार शिकलेल्या तरुण-तरुणींना स्थळाची अचूक माहिती देऊन मार्गदर्शक म्हणून तयार केल्यास त्यांनाही चार पैसे मिळतील आणि सहलीसही सोबत लाभेल. भुयार, गुप्तधन आणि शाप यांच्या कथा सांगणे मात्र टाळावे. गुप्तधनाच्या लोभाने जुनी देवळे व वाडे खोदले गेल्याची उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत.

सहलीनंतर

गाडी परतली म्हणजे सहल संपली, असे मानू नये. पुढील आठवड्यात प्रत्येक गटाने आपले काम वर्गासमोर मांडावे : एका गटाने खंदकाचे मोजमाप, दुसऱ्याने जलमहालाचा हिशेब, तिसऱ्याने दगडांची तुलना, चौथ्याने शिल्पांची रेखाटने. स्थळांवर आढळलेली पडझड व खराबी यांची एक यादी करून ती मुख्याध्यापकांच्या सहीने संबंधित पुरातत्त्व कार्यालयाकडे आणि ग्रामपंचायतीकडे पाठवावी. उत्तर आल्यास वर्गात वाचून दाखवावे. न आल्यास महिनाभराने स्मरणपत्र धाडावे. नागरिकशास्त्राचा याहून चांगला पाठ कोणता?

त्यानंतरचे पाऊल गावातलेच. वेशीजवळचा वीरगळ, पडीक बारव, देवळाच्या पायरीला बसविलेला अक्षरांचा दगड, शेताच्या बांधावरील भग्न मूर्ती यांची यादी मुलांनी करावी. वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येकाची माहिती दोन ओळींत लिहावी. अशी वही प्रत्येक शाळेत तयार झाली, तर काही वर्षांत संपूर्ण जिल्ह्याचा वारसा नोंदला जाईल. जे नोंदले जाते ते सहजासहजी नाहीसे होत नाही.

वेरूळला जरूर जावे. दोन-तीन दिवस काढून, नीट मुक्काम करून जावे. परंतु त्याआधी औसा, खरोसा, कंधार पाहिलेले असावे. दगड कसा पाहावा, पाणी कसे मोजावे, मूर्ती कशी ओळखावी हे घराजवळ शिकलेले मूल कैलासासमोर उभे राहील, तेव्हा चाळीस मिनिटांतही त्याला पुष्कळ दिसेल. सातवीतील त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते : आपल्याकडे आहे, आणि ते एका दिवसात पाहून सूर्य मावळण्यापूर्वी घरी येता येते. तिला ते वेळेवर सांगता आले नाही. यंदाच्या हिवाळ्यात आपल्या शाळेत तसे घडू नये, याची काळजी शिक्षकांनी घ्यावी आणि अधिकाऱ्यांनी व पंचायतीने त्यांना साथ द्यावी.